नमुन्याचा चिखल

आंबाटोला या वस्तीला रस्ता नाही, असा अर्ज हिरामणनं जूनच्या शेवटी आमच्या कार्यालयात दिला. ग्रामीण मार्ग निरीक्षण उपकेंद्र, सौसर. मी तिथला बाबू. अर्ज साधा होता. रामाकोन्याकडून टोल्यावर जाताना दोन किलोमीटर बैलगाडीची पांदण, मधे नाला, आणि पावसाळ्यात नाल्यात मांडीएवढा चिखल. हिरामण शेतमजुरी करतो. त्याची लेक रूपाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, दिवस पोळ्याच्या आसपास भरणार होते. त्याआधी नाल्यात मुरूम टाकून द्या, एवढंच मागणं.

उपकेंद्राचे प्रमुख भूपेंद्रसाहेब, त्यांनी अर्ज दोनदा वाचला. "रस्ता नाही, हे खरं कशावरून?"

"या ना साहेब, पाहाले."

"येऊ कसा? रस्ता कुठं आहे?"

"पायी चाला ना. दोनच किलोमीटर हाय."

"पायी केलेली जागेची पाहणी मौका मुआयना म्हणून नियमात बसत नाही," साहेब म्हणाले. "लॉगबुकात काय लिहू, चपलेचा नंबर?"

मीच टिपण लिहिलं: रस्ता नसल्याची खात्री करण्यासाठी, रस्ता नसलेल्या ठिकाणी जाणारे वाहन आवश्यक आहे, सबब एक ऑफरोड गाडी खरेदी करावी. मुरमाच्या फायली आमच्याकडं म्हाताऱ्या होतात, पण हे टिपण आठ दिवसांत मंजूर होऊन परत आलं. मंजुरीत एकच रकाना रिकामा होता. इंजिन: डिझेल की पेट्रोल.

त्या रकान्यानं आमचं वाटोळं केलं. समिती बसली. ड्रायव्हर उत्तम म्हणाला, "साहेब, चिखलात डिझलच पायजे. खालच्या गेअरात बैलावानी ओढते. पेट्रोल म्हंजे लगनातली घोडी. दिसाले चांगली, नांगराले नाई."

स्टोअरकीपर हेमंत मोबाइलवर रात्रंदिवस गाड्याच पाहत असतो. तो उसळला. "डिझल हालते किती! साहेबांचा मणका सरकला, तर तुहा गेअर काय करन?"

साहेबांनी कमरेवर हात ठेवला आणि 'अधिकाऱ्याची कंबर' हा तांत्रिक निकष म्हणून नोंदवायला सांगितला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जांब नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकायची गोटमार होते. आमच्या कार्यालयात ती जुलैतच सुरू झाली, फक्त गोटे नव्हते. एका डब्यात जेवणारे पाठी फिरवून जेवू लागले. डिझेलवाल्यानं मागवलेला चहा पेट्रोलवाला पिईना. तीन महिन्यांत रिटायर होणारा चपराशी तुळशीराम, ज्याला सायकलही येत नाही, त्यालाही पक्ष सांगावा लागला. तो घाबरून म्हणाला, "सीएनजी." तेव्हापासून त्याच्याशी कोणीच बोलेना.

जुलैच्या मध्याला हिरामण आला. "जय भीम साहेब. आठवा लागला."

"कोणाला?"

"रूपालीले."

"हां, हां. आमचंही इंजिनावर अडलंय बघ. तूच सांग, डिझेल का पेट्रोल?"

"मले मुरूम वाटते, साहेब."

मी इतिवृत्तात लिहिलं: अर्जदाराने विषयांतर केले.

शेवटी दोन्ही इंजिनांच्या गाड्या मागवून चाचणी घ्यायचं ठरलं. चाचणीला चिखल पाहिजे. आमच्या आवारात फरशा, समोर सिमेंट रोड. उत्तम म्हणाला, "चिखल तिथलाच पायजे. तो लय चिकट हाय." झालं. अर्जदारानं नमुन्याचा चिखल स्वखर्चानं सादर करावा, असं पत्र माझ्या सहीनं निघालं.

आणि लोकांनी आणला हो! टोल्यातल्या बायामाणसांनी चाळीस पोती चिखल खांद्यावरून रामाकोन्यापर्यंत वाहिला, तिथून ट्रॅक्टरनं सौसरला. चिखल दिला की रस्ता मिळते, असं त्यांना वाटलं. साहेबांनी बोटानं चिवडून पाहिला. "दर्जा उत्तम आहे. मात्रा अपुरी." दुसरं पत्र गेलं. दोनशे पोती. तिसरं गेलं. तोवर कार्यालयासमोरचा सिमेंट रोड वीस पावलं फोडून ठेवला होता. तो खड्डा काठोकाठ भरला आणि चिखलाची रीतसर साठा नोंदवहीत नोंद झाली.

तिकडं उलटंच झालं. चिखल उपसता उपसता नाल्याचा कडक तळ उघडा पडला. लोकांनी त्यावर दगड बसवले, वर मुरूम दाबला, आणि आंबाटोल्याला रस्ता झाला. हिरामणनं हे मला कानात सांगितलं. मी साहेबांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गाडीची फाईल बंद पडली असती, आणि एवढ्या पुढं गेलेली फाईल बंद करायची कोणाची हिंमत होते?

चाचणी झाली. डिझेल गाडी चिखलातून पार गेली, पण साहेबांची कंबर धरली. पेट्रोल गाडीत साहेब मजेत बसले, पण गाडी मधेच रुतली, आणि साहेब दोन तास मजेत रुतून बसले. समितीनं दोन्ही गाड्या उत्कृष्ट ठरवल्या. मग चार बैठका, दोन रुसवे आणि एक राजीनाम्याची धमकी झाल्यावर एकदाचं इंजिन ठरलं. कोणतं, ते शेवटी सांगतो. गाडी आली, नारळ फुटला, हार घालून शेडमधे उभी राहिली. समोरचा चिखल मात्र तसाच होता. साठ्यावर चढलेली वस्तू निर्लेखनाशिवाय, म्हणजे वहीतून रीतसर वजा केल्याशिवाय, काढता येत नाही.

पोळ्याच्या दोन दिवस आधी दुपारी रूपालीच्या कळा सुरू झाल्या. अॅम्ब्युलन्स टोल्यावर बिनधोक पोचली. नाला कुठं लागला, हे ड्रायव्हरला कळलंही नाही. ती सौसरपर्यंत धडाक्यात आली, आणि आमच्या कार्यालयासमोर चाकाच्या वर रुतली. दवाखाना तिथून दोनशे पावलं होता.

हिरामण कमरेपर्यंत चिखलानं भरलेला आत धावत आला. "साहेब, लेक अंदर तडफडून राहिली! तुमची गाडी काढा, मी दोर बांधतो!"

साहेबांना खरंच वाईट वाटलं. ते म्हणाले, "हिरामण, हे वाहन रस्ता नसलेल्या ठिकाणासाठी मंजूर आहे. आणि समोर कागदावर सिमेंट रोड आहे. उद्या ऑडिट लागलं तर?"

"साहेब, खिडकीतून तर पाहा!"

साहेबांनी पाहिलं नाही. गाडीची चाबी त्यांच्या खिशात होती, हात खिशावर.

उत्तमनं एक शिवी हासडली आणि चिखलात उडी घेतली. मागोमाग हेमंत गेला. दीड महिना ज्यांचं बोलणं बंद होतं, ते दोघं स्ट्रेचरच्या दोन बाजूंना लागले. तिसरा हिरामण, चौथा मी. मांडीएवढा चिखल होता आणि त्यातलं एकेक पोतं माझ्या सहीनं आलं होतं. लाज वाटली. आयुष्यात एवढी कधी वाटली नव्हती. खांद्याला खांदा घासत होता, रूपाली दात आवळून ओरडत होती आणि हिरामण नुसता "झालं बाई, आलं बाई" म्हणत होता.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ही गर्दी. एक भला माणूस गर्दीतून पुढं आला. मला वाटलं हात लावतो. त्यानं शेडकडं बोट दाखवलं. "बाबूजी, गाडी नवी दिसून राहिली. डिझल का पेट्रोल?"

ही हकिगत मी बोरगावच्या चहाच्या टपरीवर सांगितली, लोधीखेड्याच्या बाजारात सांगितली, लग्नाच्या पंगतीत सांगितली. लोक हळहळतात, व्यवस्थेला शिव्या घालतात, "देशाचं काही खरं नाही" म्हणतात. मग थोडं जवळ सरकून प्रत्येकजण एकच गोष्ट विचारतो. मी इंजिन सांगितलं, की अर्धे म्हणतात, चुकलंच साहेबाचं, दुसरं घ्यायला पाहिजे होतं.

तुम्हालाही शेवटी सांगतो म्हणालो होतो, आणि तुम्ही तेवढ्यासाठीच थांबला आहात, हे मला कळतं. तर सांगतो.

मुलगी झाली. पावणेतीन किलोची, दवाखान्याच्या दारात. माय-लेकी चांगल्या आहेत. तुम्ही विचारलं नव्हतं, म्हणून मीच सांगून राहिलो.