मैदानाची पंच मी

व्हिडिओ गेममधल्या फुटबॉलला खरी शिट्टी वाजवणारी बाई जगात एकच असेल, आणि ती आमच्या पुंडलिकनगरात, माझ्या वरच्याच मजल्यावर राहते. गाढे बाई. शाळेत पीटी शिकवून निवृत्त झाल्या, पण गळ्यातली शिट्टी काही निवृत्त झाली नाही. घरी शिट्टी वाजवावी असं कुणीच नाही.

दर उन्हाळ्यात बाई सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्पर्धा भरवतात. टीव्ही त्यांचा, गेमचं मशीन भाच्यानं टाकून दिलेलं. खेळायला कॉलेजची पोरं, किराणावाला, पडेगावचे सलीमभाई रिक्षावाले. आधी नखं तपासायची, मग पार्किंगला दोन चकरा, मगच रिमोट हातात. हाफ टाइमला बाजू बदलायची, म्हणजे खुर्च्यांची अदलाबदल! शिवी दिली की पिवळं कार्ड. खेळताना कुणाच्या बायकोचा फोन आला तर तिलासुद्धा.

एकदा सलीमभाईंनी गोल मारला आणि पडद्यावर ऑफसाइड आला.

"कुठाय ऑफसाइड? मी बघितलं ना!" बाई कडाडल्या.

"बाई, मशीन बोल रही ना," सलीमभाई बिचारे स्वतःच्याच विरुद्ध बोलले.

"मशीनचं मशीनपाशी. मैदानाची पंच मी."

बाईंनी टीव्हीशेजारच्या फळ्यावर खडूनं गोल मांडला. तेव्हापासून पडद्यावरचा स्कोअर वेगळा, फळ्यावरचा वेगळा, आणि निकाल फळ्याचा. हसायचं तर खुशाल हसा, आमच्याकडे भांडण होत नाही.

आणखी एक नियम. हरलेल्यानं एकट्यानं घरी जायचं नाही. बाईंशी एक मॅच खेळायची, मगच सुट्टी. बाई इतक्या वाईट खेळतात की हरलेला माणूस हसतच घरी जातो.

यंदा सेक्रेटरी तांबेसाहेबांनी नोटीस लावली. पोरं बिघडतात, स्पर्धा बंद. बाईंनी खाली लाल पेनानं 'पाहिले' लिहून सही ठोकली. तांबेंनी पार्किंगची वीज बंद केली, तर बाईंनी वरून वायर सोडली. "माझ्या मिक्सरची लाईट हाय. हात लावून दाखवा!"

फायनलच्या संध्याकाळी तांबे स्वतः टीव्ही बंद करायला उतरले. बाईंनी शिट्टी फुंकली.

"बोलायचं असंल तर खेळून बोला. जिंकलात तर स्पर्धा कायमची बंद. नखं दाखवा."

चारचौघांत माघार घेतील ते तांबे कसले! बसले सलीमभाईंसमोर. आमचा जीव टांगणीला. पण सलीमभाईंनी त्यांची पार धूळधाण केली. मग पोरं सलीमभाईंना खांद्यावर घेऊन चहाला पळाली, आणि तांबे गुपचूप उठले.

शिट्टी वाजली. "हरलेल्यानं एकट्यानं जायचं नाय."

मी खुर्च्या आवरत होतो. तांबे बाईंशी खेळायला बसले. बाईंचा एकही गोल झाला नाही, तांबेंचा एकच, तोही पडद्यानं ऑफसाइड दिला. बाईंनी उठून फळ्यावर स्वतःच्याच विरुद्ध तो मांडला.

"बाई, ऑफसाइड होता," तांबे पहिल्यांदाच हसले.

"पंच कोण?"

"तुम्ही. मग हरलात. येऊ मी?"

बाईंनी जिन्याकडे पाहिलं. वर त्यांच्या घरात दिवासुद्धा लागलेला नव्हता. आवाज एकदम खाली आला.

"तांबेसाहेब, आज मी हरले. नियम म्हंजी नियम."

इतकी वर्षं तो नियम हरणाऱ्यांसाठी आहे असं मी समजत होतो.

तांबे परत बसले. त्यांनी दोन्ही हात बाईंपुढे धरले, नखं वर करून.