लाल म्हणजे लाल

गुणवंतराव गुरुजींचा डोळा लाल निघाला, तेव्हा दीपाली सिस्टरच्या हातातली टॉर्च क्षणभर तशीच राहिली. दुसऱ्या कुणाचा निघाला असता तर तिला एवढा धक्का बसला नसता. पण गुरुजी म्हणजे नळ उघडण्याआधी नळाची तोटी धुणारा माणूस. त्यांचा टॉवेल वेगळा, ताट वेगळं, साबण वेगळा आणि तोही कुलपात. चामोर्शी रोडवरच्या त्या वृद्धाश्रमात डोळ्यांची साथ शिरल्यापासून ते कुणाच्या वाऱ्यालाही उभे राहिले नव्हते.

"रात्री झोप नाही झाली," गुरुजी म्हणाले.

"लाल म्हणजे लाल, गुरुजी. कारण मी विचारत नाही. चला, मागच्या खोल्यांत."

"पण माझा टॉवेलसुद्धा..."

"कारण मी विचारत नाही म्हटलं ना."

दीपाली पोंभुर्ण्याची. अंगानं काडी, पण आवाज असा की वळूसुद्धा रस्ता सोडेल. संसर्ग रोखण्याचं प्रशिक्षण घेऊन ती गडचिरोलीहून आली आणि आश्रमाच्या मागे हात धुऊन लागली. रोज सकाळी रांगेत उभं राहून डोळ्याची खालची पापणी ओढून दाखवायची, मग चहा. लाल निघेल त्याची रवानगी मागच्या खोल्यांत, जिथे पूर्वी धान साठवायचे. कॅरम बंद, पेपर बंद, भजन बंद. दाराच्या कड्या पुसून पुसून चकचकीत झाल्या होत्या. स्वयंपाकीण कांताला दुसरी टॉर्च देऊन तिनं फाटकावर बसवलं होतं. कांतानं ती टॉर्च कमरेला अशी खोचली की त्या दिवसापासून वरणात मीठ जास्त पडलं तरी कुणी तिला बोलेना.

एवढं करूनही साथ हटत नव्हती. आज या खोलीत, उद्या त्या खोलीत. आणि आता तर खुद्द गुरुजी.

रांगेत गुरुजींच्या मागे देवाजी उभा होता. टॉर्चचा उजेड आधी एका डोळ्यात, मग दुसऱ्यात पडला.

"तुमचे साफ आहेत, देवाजीभाऊ. पण आणखी एक जरी लाल निघाला ना, तर फाटक बंद. आत कोणी येणार नाही, बाहेर कोणी जाणार नाही."

"शनिवार सोडून ना, बाई?"

"शनिवार धरून."

देवाजी मेश्रामची उमेदीची सगळी वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांत गेली होती. दिवाळीनंतर घर सोडायचं ते होळीलाच परत यायचं. पुढे गुडघे गेले, बायको गेली, आणि तो इथे येऊन पडला. मग साथ नुकतीच सुरू झाली होती आणि कांता अजून फाटकावर बसली नव्हती, तेव्हा एक दिवस वडशाच्या नाटक कंपनीचा रोशन त्याला शोधत आला. शनिवारी शेजारच्या गावात शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि पटानिमित्त नाटक. त्यातल्या आंधळ्या बापाचं काम करणारा माणूस ऐनवेळी दुसऱ्या कंपनीत पळाला होता. हे काम मुळात देवाजीचंच. त्याचा आंधळा बाप पाहून बायाबापड्या पदर भिजवायच्या. देवाजीनं रोशनला चहा पाजला आणि फाटकापर्यंत पोचवताना त्याच्या खिशात प्रेमानं काहीतरी कोंबलं. तेव्हापासून तो अंगणातल्या कडुनिंबाला संवाद ऐकवत होता. मरायच्या आधी एकदा तरी पडदा उघडताना पाहायचा होता, बस्स.

"बाई, एक इचारू?" तो दीपालीच्या मागे मागे गेला. "मी तं नाटकात आंधळाच आहो. पूर्ण टाइम काळा चष्मा लावून राह्यतो. डोळे लाल असले काय अन् हिरवे असले काय, पब्लिकले काय दिसते?"

"पब्लिकला दिसत नाही भाऊ, पण चिकटते. हा रोग हवेतून उडून येत नाही. कोणाचा तरी हात फिरून राहिला आहे इथे. तो हात मला सापडत नाही, हीच तर पंचाईत आहे."

देवाजी चहाला गेला.

दुपारी तो कडुनिंबाखाली बसला होता. समोर मागच्या खोल्यांच्या खिडक्या. एका खिडकीत गुरुजी दिसले. त्यांनी आधी बोटांनी डोळा पुसला. मग शेजारच्या खिडकीतून काठीच्या टोकाला लटकून आलेली प्लास्टिकची पन्नी उघडली, त्यातून चिमूट उचलून गालात भरली आणि पन्नी पुन्हा काठीला लावून पुढे सरकवली. काठी फिरत फिरत कडुनिंबापर्यंत आली. पन्नी देवाजीच्या तळहातावर पडली.

पन्नीत खर्रा होता. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घोटायचा, आणि आश्रमात बायकांच्या बाजूला राहणाऱ्या सोनीबाई मडावीसारखा घोटणारा हात साऱ्या तालुक्यात नव्हता. फाटकावर 'व्यसनमुक्त आश्रम' अशी पाटी होती. ती गुरुजींनीच सुंदर अक्षरात रंगवली होती. गुरुजी खर्रा फक्त दाढ दुखते म्हणून घेत, आणि दाढ त्यांची रोज दुखे. या मुलखात एकट्यानं खर्रा खाणाऱ्याला माणसात धरत नाहीत, आणि पुढे आलेल्या पन्नीला नाही म्हणणं म्हणजे तोंडावर दार लावणं. कॅरम आणि भजन बंद झाल्यापासून तर माणसाला माणसाशी जोडणारी ती एकच गोष्ट उरली होती. ज्या बोटांनी डोळे पुसायचे, तीच बोटं पन्नीत.

देवाजी पन्नीकडे बघत राहिला. सिस्टर शोधत होती तो हात त्याच्या हातात होता.

"घे ना, भाऊ," सोनीबाई बायकांकडच्या बांबूच्या कुंपणाआडून म्हणाली. "काऊन थांबला?"

त्यानं चिमूट उचलल्यासारखं केलं, गाल फुगवला आणि पन्नी पुढे दिली. मग उठून नळावर गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा भिंतीवरच्या चित्रात दाखवल्याप्रमाणे, नखं, बेचक्या, मनगटं, सगळं घासून हात धुतले. धुऊन झाल्यावर पुन्हा धुतले. तिन्हीसांजेला तो सोनीबाईच्या दारात जाऊन उभा राहिला.

"सोनीबाई, शनिवारपर्यंत घोटू नको."

"कायले?"

"डोळे त्या पन्नीतूनच फिरून राह्यले."

सोनीबाईनं हातातलं काम ठेवलं. "माह्या हाताले नाव ठेवून राह्यला तू? माह्या हातचा खर्रा खाऊन आजवर कोणाले शिंकसुद्धा आली नाई."

"तुह्या हाताले नाई म्हणत. बाकीच्याईच्या."

"मंग बाकीच्याईले सांग जा. तुले आताच नाटक आठवलं, म्हणून आमी खर्रा सोडाचा?"

देवाजी गुरुजींच्या खिडकीशी गेला. गुरुजींनी आजूबाजूला पाहून आवाज खाली आणला. "हे बघा देवाजी, ही गोष्ट सिस्टरच्या कानावर गेली तर माझी अब्रू राहील का? फाटकावर माझी पाटी आहे."

"अन् माह्या नाटकाचं काय, गुरुजी?"

"नाटक काय, पुढल्या वर्षी येईल."

पुढलं वर्ष. देवाजी संतापून माघारी वळला. पुढल्या वर्षी आपण असू का, हे ज्याला सांगता येत नाही त्याला लोक खुशाल पुढलं वर्ष देऊन टाकतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेत रामाजीचा डोळा लाल निघाला. रामाजी म्हणाला चुलीचा धूर गेला. दीपाली म्हणाली लाल म्हणजे लाल. मग तिनं कांताला हाक मारली आणि फाटकाचं कुलूप आणायला सांगितलं.

"थांबा, बाई," देवाजी म्हणाला. सगळी रांग त्याच्याकडे वळली. "तुमी हात शोधून राह्यले ना? मले माहीत हाय तो हात. सांगतो. पण मंग शनिवारी मले सोडाल का?"

दीपालीनं विचार केला. "शनिवारी तुमचे डोळे साफ असले तर सोडीन."

देवाजीनं सांगून टाकलं. खिडक्या, काठी, पन्नी, सगळं. सांगताना तो सोनीबाईकडे पाहत नव्हता. दीपाली ऐकत होती आणि तिचा चेहरा उतरत होता. कड्या पुसून पुसून तिच्या हाताची सालं निघाली होती, आणि रोग तिच्या नाकासमोरून काठीला लटकून जात होता. तिनं आश्रमाची झडती घेतली. गाद्यांखालून, उशांतून, गुरुजींच्या कुलपातल्या साबणाच्या डबीतून पन्न्या निघाल्या. काठ्यासुद्धा साबणानं धुतल्या गेल्या.

त्यानंतर नवा डोळा निघाला नाही. पण देवाजीशी कुणी बोलेनासं झालं. खर्रा सुटलेली माणसं आधीच पिसाळलेली, त्यात घरभेदी समोर. तो चहाला बसला की बाक रिकामा व्हायचा. सोनीबाई त्याची सावली दिसली तरी तोंड फिरवायची. तिचा अबोला त्याला फार लागला. रात्रंदिवस संवाद म्हणणारा माणूस, पण कडुनिंबाशीही आता हळू आवाजात बोलू लागला.

शनिवारी दुपारी देवाजी धुतलेलं धोतर नेसून, काळा चष्मा खिशात ठेवून फाटकाजवळच्या ओट्यावर बसला. डोळे स्वच्छ. दीपालीनं स्वतः तपासले होते. कंपनीची जीप धुरळा उडवत आली आणि रोशन उतरला. त्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. मागून नाटकातली नायिका मोनाली उतरली. तिलाही काळा चष्मा. त्यामागे खलनायक, त्यामागे पेटीवाला. सगळ्यांना चष्मे.

कांतानं कमरेची टॉर्च काढली. "चष्मे काढा."

"अजी बाई, आमाले टाइम नाई..."

"काढा म्हटलं."

चष्मे निघाले. एकूण एक डोळा लाल होता. फक्त ड्रायव्हर साफ निघाला. तो बिडीवाला होता.

"हे कसं झालं?" दीपालीनं विचारलं.

रोशननं देवाजीकडे बोट केलं. "काकाजीनं त्या दिवशी आग्रहानं पन्नी देली ना. सोनीबाईच्या हातचा हाय, नाई म्हणू नको म्हणे. मी गाडीत सगळ्याईले वाटला."

देवाजीनं कपाळावर हात मारला. कुंपणाआडून सोनीबाईचा आवाज आला, "माहा खर्रा वडशापर्यंत गेला," आणि त्या आवाजात पश्चात्ताप अजिबात नव्हता.

दीपाली फाटकात आडवी उभी राहिली. साफ माणसाला लाल माणसांत सोडायचं नाही, हा तर पहिला नियम. तिनं देवाजीकडे पाहिलं. तो भांडेल, गयावया करेल, असं तिला वाटलं होतं. त्यानं खिशातला चष्मा काढला, पुसला आणि परत ठेवला.

"ठीक हाय, बाई. मीच वाटलं, मलेच भेटलं. रोशन, तू जा बाबू. पब्लिक वाट पाहत असन."

त्यानं तक्रार केली असती तर तिनं त्याला सहज अडवलं असतं. आता तिला नाही म्हणवेना. तेवढ्यात सोनीबाई कुंपणातून बाहेर आली. देवाजीकडे न बघता ती दीपालीला म्हणाली, "तुमीच जा ना संगं. कोणाले हात लावू देऊ नका त्याले. एवढ्या काठ्या धुतल्या तुमी, एक म्हातारा नाई सांभाळणं होत?"

दीपालीनं आत जाऊन साबण, स्वच्छ टॉवेल आणि पावडरचा कोरा डबा पिशवीत भरला. "देवाजीभाऊ पुढे ड्रायव्हरजवळ बसतील. त्यांची पावडर त्यांची, तुमची तुमची. त्यांना कोणी बोट लावायचं नाही."

"पण बाई," रोशन रडकुंडीला आला, "शेवटच्या सीनले मी पश्चात्ताप करून बापाच्या गळ्यात पडतो. तिथीच तं पब्लिक रडते."

"पडायचं नाही. लांबून रडा."

रविवारी सकाळी जीप परत आली, तेव्हा पटाहून परतणाऱ्या लोकांनी बातमी आधीच पोचवली होती. शेवटच्या प्रवेशात पोरगा धावत आला, तर आंधळ्या बापानं काठी उगारून त्याला हातभर दूर थांबवलं. पोरगा तिथेच गुडघ्यांवर कोसळला. बाप काठीच्या टोकानं त्याचं डोकं, खांदा, पाठ चाचपत राहिला, पण जवळ काही घेईना. एवढा दुखावलेला बाप लोकांनी कधी पाहिला नव्हता. मांडवातली गडीमाणसंसुद्धा हुंदके देत होती, आणि रोशन म्हणत होता की आता हा प्रवेश दरवेळी असाच करायचा.

फाटकावर कांता उभी होती.

"डोळे दाखवा."

देवाजीचे डोळे लालबुंद होते. "रडलो मी, कांता. पडदा पडल्यावर थांबताच आलं नाई."

कांतानं टॉर्च दीपालीच्या तोंडावर नेली. दीपालीचेही डोळे लाल.

"जागरण झालं गं," दीपाली म्हणाली. मग कांता हलेना म्हणून खरं सांगितलं, "मी पण रडले. विंगेत उभी राहून रडले. बस?"

"लाल म्हणजे लाल, सिस्टर," कांता म्हणाली. "कारण मी इचारत नाई."

दीपालीनं पिशवी उचलली. मग ती मागच्या खोल्यांकडे चालू लागली. देवाजी तिच्या मागोमाग. दोघांना शेजारशेजारच्या खोल्या मिळाल्या.

दुपारी दीपाली खिडकीशी बसली होती. सोनीबाई आली. देवाजीच्या खिडकीसमोर थांबली, पदराच्या गाठीतून एक लहानशी पुडी काढली आणि गजांतून आत दिली.

"ही तुह्या एकट्याची. ज्याची त्याची पन्नी वेगळी केली मी. कोणाले देजो नको." थोडं थांबून ती म्हणाली, "लोक म्हणून राह्यले, लगित चांगलं केलं तू काम."

देवाजीनं पुडी मुठीत धरली. सोनीबाई वळली, आणि मग तिला शेजारच्या खिडकीतली दीपाली दिसली. ती जागच्या जागी थिजली.

दीपालीनं सावकाश पाठ फिरवली. डोळे आलेल्या माणसाला काही दिसत नाही.