सासूबाईंचा राहिलेला उत्तरार्ध

कुणाला कोणता चित्रपट दाखवावा, हे माझ्याइतकं आमच्या नात्यागोत्यात कुणालाही कळत नाही. माझं चष्म्याचं दुकान आहे. माणूस समोर बसला की त्याला काय झेपेल, हे मी काच लावण्याआधीच ओळखतो. म्हणूनच सासू-सासऱ्यांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला काय भेट द्यावी यावर बायको आठवडाभर डोकं खाजवत होती, तेव्हा मी एका वाक्यात निकाल लावला.

"लग्नानंतर त्यांनी पहिल्यांदा जो चित्रपट पाहिला, तोच दाखवू. आपल्याच हॉलमध्ये. मग प्रत्येकाने आपलं मत सांगायचं!"

चित्रपट जुना, परदेशी आणि अवाढव्य. क्रांती होते, राजवाडा जळतो, हजारभर घोडे धावतात आणि त्या धुमश्चक्रीत छापखान्यातला एक कामगार सेनापतीच्या मुलीवर प्रेम करतो. सासूबाईंनी ही गोष्ट आम्हाला इतक्या वेळा ऐकवली होती की घोडेसुद्धा मला ओळखीचे वाटत. शेवटी पुलावर दोघांची भेट होते, वर पाखरं उडतात, संपलं. "प्रेम करावं तर असं," म्हणत त्या सासऱ्यांकडे बघत आणि सासरे पेपरात तोंड घालत.

सासरे बस डेपोत कंट्रोलर होते. गर्दीआधी निघायचं, हा त्यांचा नियम. स्वतःच्या निरोप समारंभातूनही ते भाषणं संपण्याआधी निघाले होते.

तर चित्रपट सुरू झाला. राजवाडा जळला, पूल आला, पाखरं उडाली. पडद्यावर परदेशी लिपीत एक ठळक शब्द उमटला. सासूबाई डोळे पुसत उठल्या.

"बसा आई," मी हसत म्हणालो. "हे मध्यंतर आहे."

"कसलं मध्यंतर? संपला ना?"

"छे, अजून निम्मा बाकी आहे."

त्या सासऱ्यांकडे वळल्या. "अहो, तुम्ही तर संपला म्हणून मला बाहेर काढलं होतंत."

"शेवटची बस होती," सासरे म्हणाले. "आणि ती अक्षरं कुणाला वाचता येतात? मला वाटलं, समाप्त."

सगळे हसलो. इथेच टीव्ही बंद करून जेवायला वाढलं असतं तर आज मी सुखी असतो. पण मला मतं हवी होती ना!

उत्तरार्धात त्या हिरोने जे गुण उधळले, ते पाहून मीच गारठलो. लग्न झालं, दोन मुलं झाली आणि हा गडी तारघरात काम करणाऱ्या एका क्रांतिकारक बाईच्या मागे डोंगरात निघून गेला. मतं न मागताच यायला लागली.

"नालायक निघाला हा," बायको म्हणाली.

"पुलावर काय काय बोलत होता मेला," सासूबाई म्हणाल्या. चाळीस वर्षं जपलेला माणूस डोळ्यांदेखत वाया गेला होता.

सासरे डोळे मिटून पडले होते. तसेच पुटपुटले, "थांबा, आता ती केस कापेल."

तारघरवालीने कात्री उचलली आणि केस कापले.

"तुम्हाला कसं कळलं?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"अंदाज."

"पुढे काय होतं?"

चौकशीच्या खिडकीत आयुष्य गेलेला माणूस. प्रश्न आला की उत्तर बाहेर पडतंच. "पुढे घोडा मरतो," ते म्हणाले.

घोडा मेला.

सासूबाई उठल्या आणि त्यांनी पर्स छातीशी धरली. "मी आता घरी जात नाही. इथेच राहते." बायको आतून उशी घेऊनसुद्धा आली. आमच्या खोल्या दोन, त्यातल्या एकीत मी घोरतो. यांचा संसार मोडला तर तो माझ्याच हॉलमध्ये राहायला येणार होता.

"बाबा, बोला काहीतरी," मी अक्षरशः हात जोडले.

सासऱ्यांनी घसा खाकरला. "आदल्या दिवशी मी तो बघून आलो होतो. एकटाच. तुला न्यावा की नाही, ते ठरवायला. पहिला भाग आवडला. दुसऱ्यात तो बायकोला सोडतो. नव्या नवरीला असलं कशाला दाखवायचं? म्हणून मध्यंतरालाच उठवलं तुला."

सासूबाई खालीच बसल्या. "माझ्यासाठी?" एवढंच म्हणाल्या आणि रडायला लागल्या. बायकोही रडली. मला दोनदा ऐकवण्यात आलं की नवरा असावा तर असा.

थोड्या वेळाने दोघं निघाली. सासूबाई मुलीचा हात धरून जिना उतरत होत्या. दारात चपला घालता घालता सासरे माझ्या कानाशी वाकले.

"जावईबापू, प्रेमकथा बघायला एकटा कोण जातं हो?"

आणि गर्दी नसतानाही झपाझप जिना उतरून गेले. मी दाराची कडी धरून तसाच उभा. बायको वर आली.

"बाबा काय म्हणत होते?"

"चित्रपटाबद्दल मत देत होते."

"काय मत?"

"चांगला आहे म्हणाले," मी म्हणालो. "पण दोनदा बघू नये."