देवरावभाऊंचे छत्तीस फोटो

देवरावभाऊ समोरून आले की आधी एक डोळा मिटतात. दुसऱ्या डोळ्यापुढचा कॅमेरा माणसाला जरा उशिरा दिसतो, तोवर व्हायचा तो गैरसमज होऊन गेलेला असतो. आमच्या अमरावतीच्या कॉलनीतल्या एका नव्या सूनबाईंनी तर रस्ताच बदलला. मला मात्र हुकूम सुटतो, "हालू नको राजा! तुह्ये दोन दिसून राहिले!"

मग ते भिंगाभोवतीचं कडं फिरवतात. कॅमेऱ्याच्या खिडकीतला दुसरा मी सरकत सरकत पहिल्या माझ्यावर येऊन बसतो आणि भाऊ ओरडतात, "जुळला!" या जुन्या फिल्मवाल्या कॅमेऱ्याची तऱ्हाच ही. दोन चित्रं एक झाली की फोटो स्पष्ट येणार. माझ्या बायकोचं म्हणणं, एकच आहे तो जास्त होतो, दुसरा कशाला?

कॅमेरा मिळाला अकोल्याच्या जुन्या शहरात, भंगारवाल्याकडे. बंद मिक्सर दिला, बंद कॅमेरा घेतला. "दोघंबी फसलो, म्हंजे सौदा चोख!" शाळेच्या प्रयोगशाळेत जन्म काढलेला माणूस. कुठे स्क्रू दिसला की बोटं शिवशिवतात. शटरची पाती जुन्या तेलानं चिकटली होती, ती लायटरच्या पेट्रोलात कापूस बुडवून तीन दिवस पुसली. कॅमेऱ्याच्या मागच्या दारातला स्पंज कुजून त्याचं डांबर झालं होतं. तिथून उजेड शिरू नये म्हणून काळी मखमल हवी होती. ती भाऊंच्या बायकोच्या, शांतावहिनींच्या, ठेवणीतल्या ब्लाउजच्या बाहीतून आली. वहिनींना हे कळलं ते भाचीच्या लग्नाला निघताना.

"मले इचारलं असतं तं काय झालं असतं?"

"तू नाही म्हटलं असतं."

कॅमेरा खटखट वाजायला लागला, तेवढ्यात वहिनींना धाप लागायला लागली. हृदयाची झडप बदलायची, अकोल्याला, येत्या सोमवारी, असं ठरलं. भाऊंनी डॉक्टरांना विचारलं, "पेट्रोलनं पुसून नाही का जमत?" डॉक्टर हसले. भाऊ हसले नाहीत.

घरी येऊन मला म्हणाले, "सोमवारच्या आत एक रोल झालाच पाहिजे. लग्नानंतर तिचा एकटीचा असा फोटोच नाही रे बाप्पा. रेशनकार्डावरचा का लावतो कोणी?" कुठे लावायचा, ते ते बोलले नाहीत.

रविवारी सकाळी वहिनी अंगणात खुर्चीवर बसल्या. मी माझ्या कुंपणापाशी, भाऊंच्या पाठीमागे.

"मोबाईल हाय नं घरात," वहिनी म्हणाल्या.

"मोबाईलात माणूस नुसता येते. यात पाहा लागते त्याच्याकडं."

दोन तास चाललं. कडं फिरवायचं, थांबायचं, पुन्हा फिरवायचं, "हनुवटी वर", खट्. आत भाजी करपल्याचा वास आला, तरी वहिनी उठल्या नाहीत. छत्तीस फोटो झाले. आमच्याकडे आता रोल धुणारं कोणी उरलं नाही, म्हणून तो पुण्याला पाठवला.

ऑपरेशन नीट पार पडलं. आठवड्यानं मी भेटायला अकोल्याला गेलो, तर भाऊ खाटेपासून दूर, खिडकीच्या उजेडात कॅमेरा उघडून बसलेले. पुण्याहून निरोप आला होता. अख्खा रोल कोरा.

"शटर उघडलंच नसन. म्याच नीट नाही पुसलं. हिचं काही कमीजास्त झालं असतं तं माह्याजवळ..."

"शटरले नका बोल लावू," वहिनी खाटेवरून हळू म्हणाल्या. "पुढचं झाकण लागून होतं."

या कॅमेऱ्यात पाहायची खिडकी वेगळी आणि भिंग वेगळं. भिंगावर झाकण असलं तरी पाहणाऱ्याला सगळं लख्ख दिसतं. झाकण दिसतं ते फक्त समोर बसलेल्याला.

"तुले दिसून राहिलं होतं? मंग सांगतलं काहून नाही?"

वहिनी चादरीचं टोक चाळवत राहिल्या. "सांगतलं असतं तं तुमी पुन्हा त्या डब्यात घुसले असते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोन तास माह्याकडं पाहून राहिले होते."

भाऊंनी कॅमेरा मिटला आणि पिशवीत टाकला. खुर्ची ओढत नेऊन खाटेला भिडवली आणि नुसते वहिनींकडे पाहत बसले.

"काय वो हे, लोक पाहून राहिले," वहिनी म्हणाल्या.

"पाहू दे," भाऊ म्हणाले.