चाळणीवाले गुरुजी

आमचे गुरुजी शाळेत छडी आणत नसत, चाळणी आणत. पिठाची, काठ वाकलेली. खुर्चीखालची माती चाळत, चहाची पत्ती चाळत, आणि उशिरा आलेल्या पोराला म्हणत, "सांग तुझं कारण. चाळून बघू किती खरं उरतंय." नाव दगडूराव आणि वेड सोन्याचं. "चाळल्याबगर काई फेकू नका, बाबांनो," हे त्यांचं पालुपद.

आमचं गाव ताडकळसच्या अलीकडं. मी चौथीत होते. बोलायची मला लाज वाटे, हजेरीलाही नुसता हात वर करायची.

गुरुजींचे वडील निजामाच्या काळात रायचूरकडच्या सोन्याच्या खाणीवर गेले, ते परत आलेच नाहीत. गुरुजी तेव्हा पाळण्यात होते. आई मात्र रोज कुंकू लावून बसायची. म्हातारपणी तिचे डोळे गेले, मग जेवणही सुटत चाललं. "धन्याचं पत्र आलं का?" विचारायची. नाही म्हटलं की ताट सारायची. गुरुजींनी लग्न केलं नव्हतं. घरात दोघंच, आणि त्यातलं एक वाळत चाललेलं. गावात हे सगळ्यांना माहीत होतं.

त्या साली गुरुजींनी पुस्तकात नसलेला धडा काढला. अमेरिकेत म्हणे एका ओढ्यात सोनं सापडलं, आणि माणसं शेतं, दुकानं, बायका सोडून तिकडं पळाली. "नुसतं ऐकून काय कळतंय? जगून बघा," म्हणाले, आणि शाळेमागच्या ओढ्यावर छावणी बसवली. कोणी खणणारा, कोणी माती धुणारा, कोणी दिवसभराच्या कामाला एक भाकरी देणारा दुकानदार. शिवाय रोज चिठ्ठ्या टाकून दोघं मरायची. एक तापानं, एक दरडीखाली. मेलेल्यानं घंटा होईपर्यंत लिंबाखाली गप पडायचं.

पोरांना मरायची भारी हौस. "गुर्जी, ह्यो काल बी मेला व्हता! आज माजी पाळी!" अशी भांडणं लागत. गुरुजी हसत नसत. "मरण मागून घ्यायचं नस्तंय," म्हणत आणि चिठ्ठी उघडत.

मला म्हणाले, "तू पण एक गडी. दर शनिवारी घरी बायकोला पत्र लिही."

मी लिहिलं, 'मि खुशाल हाय. आज चार घमेले माती काडली. सोनं न्हाई. दोघं मेली. तु जेवलीस का.'

ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की गुरुजी लाल शाईनं पान रंगवत. वर्गात सगळ्यांची पानं लाल व्हायची. माझ्या पत्राला मात्र एक टिंबही लागलं नाही. घडी करून खिशात घातलं. पुढच्या शनिवारीही तसंच. मला वाटलं, आपण शाई खर्च करायच्याही लायकीच्या नाही. मी न्हाणीत जाऊन रडले.

मग नामांतराची दंगल झाली. कुठं कुठं घरं जळाली म्हणून मोठी माणसं हळू आवाजात बोलायची. एसटी बंद, शाळा बंद. शनिवार गेला, पत्र राहिलं. सोमवारी गुरुजी आमच्या अंगणात उभे. दाढी वाढलेली, हातात चाळणीही नाही.

"पोरी, पत्र लिहिलंस का?"

माझ्या आईला काही कळेना. "गुर्जी, शाळाच बंद हाय की."

"खाण बंद न्हाई ना," म्हणाले आणि गेले.

मी लगेच लिहिलं. आईनं सोबत ताकाचा तांब्या दिला. गुरुजींच्या दारात जाऊन पत्र त्यांच्या हातात ठेवलं आणि मी भिंतीआड थांबले. रिकामा तांब्या परत न्यायचा होता.

"माय, पत्र आलं बघ. गाड्या बंद व्हत्या म्हणून उशीर झाला," असं म्हणून गुरुजी माझंच पत्र वाचायला लागले. "मी खुशाल हाय. आज सगळे खुशाल हायत."

मी तर 'दोघं मेली' लिहिलं होतं. गुरुजी पत्रही चाळत होते.

"तू जेवलीस का," एवढं मात्र त्यांनी दोनदा वाचलं.

"वाढ," म्हातारी म्हणाली.

गुरुजी घागर घेऊन पाण्याला गेले, तेवढ्यात आतून हाक आली. "कोण हाय भिताडाआड? तूच का लिहिणारी?"

मी भिंतीआडून डोकावले.

"ये, भिऊ नको. आधी ह्योच लिहून वाचायचा. 'पत्रास कारण की' म्हणं! मी उपाशी निजायचे." ती भाकरी ताकात चुरत होती. "माजा धनी सोता जेवला की उठायचा. जल्मात कवा इचारलं न्हाई, जेवलीस का म्हणून. असं बाईमाणूसच इचारतंय. तू इचारतीस म्हणून दोन घास खाते."

मी पहिल्यांदा तोंड उघडलं. "गुर्जीला सांगू?"

"येडी का काय! तो माज्यासाठी वाचायलाय, मी तेच्यासाठी ऐकायले. तू लिहीत ऱ्हा."

चौथी झाली आणि वडिलांनी माझी शाळा बंद केली. गुरुजी समजावायला आले, वडिलांनी ऐकलं नाही. पत्रं मात्र मी सोडली नाहीत. शनिवारी पाण्याला जाताना त्यांच्या खिडकीत ठेवायची.

पुढच्या पावसाळ्यात म्हातारी गेली. कुंकवासकट नेली. गुरुजी दहा दिवस घराबाहेर आले नाहीत. चूल पेटलेली कोणाला दिसली नाही. शेजारणी ताट ठेवत, ते तसंच परत येई.

शनिवार आला. मी नेहमीसारखी खिडकीपाशी गेले आणि चिठ्ठी ठेवून पळाले. 'गुर्जि तुमि जेवलात का.'

दुसऱ्या दिवशी ते आमच्या दारावरून गेले. काखेत चाळणी होती. थांबले नाहीत, नुसती घडी ओट्यावर ठेवली. उघडून बघितली तर माझ्या चार शब्दांना तीनदा लाल शाई लागली होती. 'गुर्जि'चं 'गुरुजी', 'तुमि'चं 'तुम्ही', शेवटी प्रश्नचिन्ह.

आणि खाली, त्याच शाईत, 'जेवलो.'