फाट्यावर थांबलेला ठिपका

आमची खोली एक, माणसं सहा आणि चूलही त्यातच. आई-बाप कांद्याच्या वखारीवर निवडायला जायचे, त्यामुळं उरलेल्या जागेत कांद्याचा वास मुक्कामाला असायचा. अभ्यासाला कोपरा म्हणून नव्हता. शेजारच्या भागाकाकांची सोनई ते नगर सवाऱ्या भरून नेणारी वडापची जीप दुपारनंतर अंगणात उभी असे. तिच्या मागच्या बाकड्यावर बसू का, असं मी विचारायला गेलो. काका लगेच हो म्हणाले नाहीत. बाहेर गेले, जीपच्या बॉनेटवर हात ठेवून जरा उभे राहिले आणि परत आले.

"इचारलं तिला. बस म्हनली. पर बाकड्यावर पाय घ्यायचं न्हाई म्हनती."

मी बारावी त्या जीपमध्ये केली, पाय खाली ठेवून. पुढं बी.एस्सी. झालो, घराण्यातला पहिला पदवीधर. हे मी सगळीकडं सांगतो, मग इथं का नको?

काका कुठलाही निर्णय गाडीला विचारूनच घेत. लग्नाचं आवतण आलं तरी, "गाडीला इचारून सांगतो." त्यांची बायको हौसामावशी चुलीपासून ओरडायची, "माझं लगीन ठरताना बी गाडीलाच इचारलं व्हतं का?" काका शांतपणे म्हणायचे, "तवा सायकल हुती. ती न्हाई म्हनली हुती."

हौसामावशी आणि माझी आई एकाच गावच्या, तिकडं अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या. म्हणून ती माझी मावशी.

जीप भंगारात गेली आणि काकांनी नवी कार घेतली. आत सिमकार्डाचा डबा असलेली. गाडी कुठं आहे ते मोबाईलवर निळ्या ठिपक्यानं दिसायचं. तो मोबाईल मावशीकडं असे. काका भाडं सोडून परत निघाले की ती ठिपका बघत बसायची. गावाबाहेरच्या चिंचेच्या फाट्यावर ठिपका वळला की ती तवा ठेवायची. काका दारात, भाकरी ताटात. स्वतः गाडीत बसली की मात्र पट्टा लावायची नाही. गाडी टिंगटिंग बोंबलायची आणि मावशी म्हणायची, "मी काय म्हैस हाय का दावणीला बांधायला?"

मग मावशी आजारी पडली. काका तिला नगरच्या दवाखान्यातून घरी आणत होते, तेव्हा फाट्यावरच ठिपका थांबला. गाडी घरी आली, ठिपका आला नाही. कारण साधं होतं. मोबाईल कंपनीनं नेमकं त्याच वेळी जुनं नेटवर्क बंद केलं होतं आणि गाडीतल्या डब्याला तेवढं जुनंच समजत होतं. त्याच आठवड्यात मावशी गेली.

मी नगरला गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये असले डबे बसवायचंच काम करतो. काकांना सगळं समजावलं. काकांनी ऐकून घेतलं, मावशीचा मोबाईल उघडून माझ्यापुढं धरला.

"ही बघ. गाडी फाट्यावर हाय. अन् ती गाडीत हाय. घरी आला त्यो निस्ता पत्रा."

"काका, ती जुनी नोंद आहे."

"तू शिकलेला हायस. मग सांग, ह्या ठिपक्यात त्या टायमाला कोन कोन बसलं हुतं?"

यावर बी.एस्सी.त काही शिकवलेलं नव्हतं.

त्यानंतर काका भर उन्हात फाट्यावर गेले की गाडी कडेला घेत, दोनदा हॉर्न देत आणि रिकाम्या रस्त्याला हात करून वाट देत. मागच्या सवाऱ्या माना वळवून रस्ता बघायच्या. एकीनं विचारलं, "कोण जातंय हो?" काका म्हणाले, "आमचीच गाडी." ती बाई पुढच्या थांब्यावर उतरून गेली.

मग उसाचे ट्रॅक्टरवाले तिथं हॉर्न द्यायला लागले. कुणी चिंचेखालच्या दगडाला शेंदूर लावला, कुणी नारळ फोडला. मीही मोटारसायकलवरून जाताना दोनदा हॉर्न दिला. सवय म्हणून दिला, एवढंच.

काका मात्र आईनं दिलेली दुपारची भाकरी तिथंच खायला लागले. घरात चूल पेटेना. वाळून काठी झाले. आई म्हणाली, "अरे, तुझ्या शिक्षणाचा काही उपयोग कर. त्यांना घरी आण."

मी नवा डबा घेऊन गेलो. काका गाडीसमोर आडवे आले.

"डबा घरात जागा झाला तर ठिपका घरात उठंल. मग ती तिकडं एकलीच राह्यली का न्हाई?"

मी डबा खाली ठेवला.

"अन् मुराळी गेल्याबिगर बाईमानूस घरी येतं व्हय रं?"

तेव्हा मला सुचलं. मुराळी म्हणजे बाईला आणायला जाणारा माणूस, आणि तिच्या माहेरचा इथं मी एकटाच होतो.

"मी जातो मुराळी. डबा फाट्यावरच बसवू."

काकांनी बॉनेटवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"व्हय म्हनती."

दुपारी आम्ही चिंचेखाली गाडी लावली. आईनं खण-नारळ दिला होता, तो मी शेंदराच्या दगडापाशी ठेवला आणि म्हणालो, "मावशी, चल. न्यायला आलोय." वारा पडला होता. चिंचेचं पान हलत नव्हतं. मी डॅशबोर्ड खोलून जुना डबा काढला, नवा जोडला. मोबाईलवरचा ठिपका क्षणभर विझला. काकांनी माझं मनगट धरलं. मग ठिपका लागला, तिथंच, फाट्यावर.

"तू मागं बस. म्होरं तिची जागा."

गाडी निघाली आणि टिंगटिंग सुरू झालं. पुढच्या सीटवर कुणी नव्हतं, काही नव्हतं. मी वाकून हात फिरवून बघितला. सीट उन्हानं गरम असेल म्हणून ऊबदार लागली. खालची वायर माझ्याच हातानं ओढली गेली असेल. पण काकांनी गाडी थांबवली, रिकाम्या सीटवरून पट्टा ओढून घेतला आणि हळूच खटका लावला.

"कवाच आयकलं न्हाई तू," ते म्हणाले. आवाज थांबला.

मी मोबाईल धरून बसलो होतो. ठिपका वळला, ओढा ओलांडून आला, शाळेपुढून आमच्या गल्लीत शिरला. काकांच्या धुराड्यातून धूर निघत होता. आई आत तवा ठेवून बसली होती.

काका घरात बसून दोन भाकरी जेवले. मावशीला मी फाट्यावरून घरी आणलं.