टॅपेट मात्र मी लावणार

मिस्त्रीच्या दारात गाडी अगदी शहाण्यासारखी चालायची. बाजारातून एक फेरी मारून चढाला लागली, की दातांच्या दवाखान्यापाशी पोचेपर्यंत तिला उचक्या लागायच्या. मग मागून ‘फाट्’ असा बार निघायचा, आणि अप्पा मान खाली घालून गाडी उलटी सोडत पुन्हा पायथ्याच्या गॅरेजपाशी आणायचे.

इंजिन नुकतंच नव्याने बांधलं होतं. नुसतं दुरुस्त केलं नव्हतं, ताकदीचं केलं होतं. मोठे पिस्टन, मोठा कार्बोरेटर, आणि शर्यतीच्या गाडीला घालतात तसला कॅमशाफ्ट. “या वयात शर्यत कुणाशी लावायचीय?” असं लेकीने विचारलं होतं.

“चढाशी,” अप्पा म्हणाले होते.

घर चढाच्या टोकाला होतं. जुन्या इंजिनाला दोन माणसं घेऊन तो चढ कधी झेपलाच नाही. पायथ्याशी गाडी आली की अप्पांची बायको न सांगता उतरायची. पिशव्या मागच्या सीटवर, पर्स काखेत, आणि ती खिडकीला लागून चालत. गाडी पहिल्या गियरमध्ये कण्हत तिच्या पावलांबरोबर जायची. गाडीत सुरू झालेलं भांडण खिडकीतून तसंच पुढे चालू राहायचं. चढावरचे लोक दारात येऊन ऐकायचे, आणि दोघांपैकी कुणालाच त्याचं काही वाटायचं नाही.

“एकदा तरी मला बसवून वर न्या,” ती म्हणायची.

“नेतो की. इंजिन बांधू दे एकदा.”

लेकीचं लग्न झालं, नोकरी संपली, गाडीचा रंग दोनदा बदलला. इंजिन बांधायचं तेवढं राहून गेलं. गेल्या हिवाळ्यात बायको गेली. आणि महिनाभर सुन्न बसून राहिलेले अप्पा एका सकाळी उठून मिस्त्रीकडे गेले आणि म्हणाले, “बांध.”

आता लेक राहायला आली होती आणि तिने कमरेवर हात ठेवून शेवटचं सांगून टाकलं होतं. “अप्पा, रविवारी मला बसवून ही गाडी दारापर्यंत आली नाही, तर गाडी विकत मागणाऱ्या त्या गिऱ्हाइकाला मी हो सांगणार. रोज उलटे उलटे खाली येता, चांगलं दिसतं का ते?”

त्यामुळे मिस्त्री आणि मेहुणा दोघेही कामाला लागले. मिस्त्रीच्या मते जगातला प्रत्येक बिघाड कार्बोरेटरमधल्या कचऱ्यामुळे होतो. त्याने कार्बोरेटर खोलून धुतला. गाडी चढाला लागली. फाट्. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याचा जन्म वायरमनच्या नोकरीत गेलेला. तो म्हणाला, “भाऊजी, करंट कमी पडतोय, लिहून घ्या.” त्याने प्लग बदलले, वायरी बदलल्या, बॅटरी बदलली. गाडी चढाला लागली. फाट्. मग मिस्त्रीने टाकी रिकामी केली. मेहुण्याने हेडलाइटच्याही वायरी बदलल्या. त्यांचा इंजिनाशी काय संबंध, असं विचारल्यावर तो म्हणाला, “हात फिरतोय तर फिरू द्या.”

“टॅपेट बघायचे का रे?” अप्पांनी एकदा विचारलं.

दोघेही एकदम म्हणाले, “छे छे! ते तुम्ही लावलेत ना? मग प्रश्नच नाही!”

टॅपेट अप्पांनीच लावले होते. बाकीचं इंजिन मिस्त्रीच्या हवाली केलं, पण “टॅपेट मात्र मी लावणार” असं आधीच बजावलं होतं. टॅपेट आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये किंचित फट ठेवावी लागते. ती मोजायचं माप अप्पांच्या हातून फार पूर्वी हरवलं, तेव्हा बायकोने शिवण उसवायच्या डबीतून ब्लेड काढून दिल्या होत्या. दोन ब्लेड एकत्र धरून फटीत सरकवायच्या. हे काम तिचं. अप्पा पान्हा फिरवायचे आणि ती सांगायची, “घट्ट. अजून घट्ट. हां, आता सैल.” या वेळी सांगणारं कुणी नव्हतं. अप्पांनी त्याच डबीतल्या त्याच दोन ब्लेड काढल्या, सदऱ्याला पुसल्या आणि एकट्यानेच काम केलं.

शनिवारी शेवटचा प्रयत्न झाला. तिघेही गाडीत बसले. दवाखान्यासमोर असा बार निघाला की खिडकीवरची कबुतरं उडाली. दातांच्या डॉक्टरीणबाई हातमोज्यांसकट बाहेर आल्या.

“अहो, काय चाललंय काय? पेशंट खुर्चीतून उडाला माझा! तोंडात ड्रिल होतं!”

“माफ करा हो डॉक्टर. दुखणंच सापडत नाहीये.”

त्या पुन्हा आत जायला वळल्या, पण सवय कुठे जाते? “त्रास कधी होतो? गार असताना की गरम झाल्यावर?”

“गरम झाल्यावर. गार असताना काही म्हणजे काही नाही.”

“नवीन काही बसवलंय?”

“सगळंच नवीन आहे.”

“मग टोपी उंच बसली असणार. दाताची टोपी केसभर जरी उंच बसली ना, तरी तोंड पूर्ण मिटत नाही. तुमच्या यात काय मिटतं ते बघा, आणि कृपा करून दुसरीकडे बघा!” दार धाडकन लागलं.

गाडीत मिस्त्री मेहुण्याकडे बघायला लागला. मेहुणा टपाकडे.

“व्हॉल्व्ह मिटतात,” अप्पा हळूहळू म्हणाले. “गरम झाले की लांबतात. फट कमी पडली तर पूर्ण मिटणार नाहीत.” ते मिस्त्रीकडे वळले. “या नव्या कॅमशाफ्टला फट किती लागते रे?”

“जरा... जास्त लागते, काका.”

“म्हणजे?”

“तीन ब्लेड.”

“तुला माहीत होतं?”

“खोक्यावर छापलेलंच होतं.”

“मग मेल्या, बोलला का नाहीस?”

मिस्त्री स्टिअरिंगकडे बघत म्हणाला, “काकूंच्या डबीतल्या होत्या त्या. तुम्ही पुसत होता. तिथे मी काय बोलू?”

“आणि तू रे?”

“माझी सख्खी बहीण होती, भाऊजी,” मेहुणा म्हणाला. “मी म्हटलं, आधी बॅटरी बदलून बघू.”

अप्पांनी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं, आणि कित्येक महिन्यांनी पहिल्यांदाच पोट धरून हसले. “अरे गाढवांनो, ती असती तर पहिल्याच दिवशी ओरडली असती. ‘घट्ट झालंय, सैल करा!’” हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मग दोघांनीही पुसले.

त्याच संध्याकाळी अप्पांनी डबीतून तिसरी ब्लेड काढून टॅपेट पुन्हा लावले. रविवारी लेक ऐटीत पुढे बसली. पायथा आला. अप्पांनी पाय दाबला आणि गाडी बाणासारखी सुटली. लेकीने दाराची कडी गच्च धरली. “अप्पा, मी काय म्हणत होते...” एवढं ती म्हणाली, तोवर घराचं फाटक समोर आलं होतं.

“अय्या! झाला पण चढ? मस्तच की हो! त्या माणसाला नाही म्हणून सांगते आजच.” मग तिने बापाकडे बघितलं. “तोंड का असं? चढली ना गाडी?”

“चढली गं,” अप्पा म्हणाले. “पण बोलणं काहीच झालं नाही.”

त्यांनी गाडी वळवून पुन्हा खाली नेली, पायथ्याशी थांबवली आणि किल्ली लेकीच्या हातात दिली. “तू चालव. हळू. मी खिडकीपाशी चालतो.”

पण नव्या इंजिनाला हळू म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. हळू घेतलं की ते गचके द्यायचं. चार गचके खाऊन लेकीने वैतागून पाय दाबला आणि गाडी दिसेनाशी झाली. अप्पा धुरात एकटेच उभे राहिले. मग चालायला लागले.

अर्ध्यात त्यांचे गुडघे बोलायला लागले, छाती भात्यासारखी हलायला लागली. ही बाई एवढा चढ चढताना भांडायची कशी, आणि तेही एकदासुद्धा धाप न लागता, हे त्यांना कळेना.

दवाखान्याच्या पायरीवर डॉक्टरीणबाई कुंडीला पाणी घालत होत्या. “आज पण बंद पडली का?”

अप्पांनी कठड्याला धरून श्वास घेतला. “नाही हो. गाडी केव्हाच वर पोचली. मीच मागे राहिलोय.”